शाळेकडची लाइन

नाणेखोलच्या डीपीवरचा फ्यूज त्या आठवड्यात चौथ्यांदा गेला, तेव्हा संध्याकाळचे सव्वासात झाले होते. मी दहा पावलांवर एका धोंड्यावर बसून तो जायचीच वाट बघत होते. फट् असा आवाज आला, ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतून ठिणगी उडाली आणि खालचं गावठाण एकदम गप्प झालं. टीव्ही बंद, पंखे बंद. मग माणसांचे आवाज वर यायला लागले.

"गेली परत!"

"वायरमन बाई आहेत का ओ वर?"

"आहे, आहे," मी ओरडले आणि हातमोजे चढवले.

२०२० चा मे महिना. मी सव्वीस वर्षांची होते. गाव माझं लातूरकडचं, अहमदपूर तालुक्यातलं. वीज कंपनीत लागले आणि नेमणूक मिळाली ती थेट कोकणात. पाच गावं माझ्याकडे होती. खांबावर चढणारी बाई म्हणून पहिलं वर्षभर लोक हातातलं काम टाकून बघायला जमायचे. नंतर सवय झाली.

नाणेखोलात घरं दीडशेच्या वर, पण निम्मी कुलपात. माणसं मुंबईला. त्यामुळे गावाला ट्रान्सफॉर्मरही बेताचाच बसवलेला होता, चौऱ्याऐंशी अँपिअर पेलणारा. एरवी संध्याकाळी चाळीसच्या पुढे आकडा जायचा नाही. गणपतीत चार-सहा दिवस सगळी कुलपं निघायची, पण तेव्हा पावसाळा; पंखे लागत नाहीत. आता लॉकडाऊन लागून दीड महिना झाला होता, मुंबईकर मिळेल त्या वाहनाने गावाला येत होते, आणि वरून मे महिन्याचा उकाडा. पंखे, फ्रिज, टीव्ही, माणशी एक मोबाइल. विहिरीवरचा पंप दिवसाला दोन तास चालायचा, तो सात तास चालायला लागला. वरच्या अंगाला शाळेत नवीन आलेली माणसं चौदा दिवसांसाठी ठेवायचे. ती घरी गेली की तिथे दुसरी येत.

सरपंच सुनील पाष्टे बॅटरी घेऊन वर आले. चाळिशीचा माणूस, काजूची बाग होती त्यांची. मास्क हनुवटीला.

"बाई, ती तार जरा जाड टाका ना. सारखी जाते ती."

"जाड टाकली तर तार जाणार नाही, ट्रान्सफॉर्मर जाईल. मग महिनाभर अंधार. पाण्याचा पंपपण बंद."

"मग करायचं काय?"

"लोकांना सांगा, सात ते नऊ पंखे आणि फ्रिज बंद ठेवा म्हणून."

"सांगितलं. सगळे हो म्हणाले. आणि सगळ्यांचे चालूच आहेत."

मी नवी तार भरून फ्यूज लावला आणि तालुक्याला बारटक्के साहेबांना फोन केला. ते आमचे शाखा अभियंता.

"वंदना, तुला गंमत सांगू?" साहेब म्हणाले. "राज्यात वीज पडून आहे. कारखाने बंद, ऑफिसं बंद. मागणी इतकी उतरलीये की वीजनिर्मितीचे संच बंद करून ठेवलेत. आपल्या एमआयडीसीच्या फीडरवर दीडशे अँपिअर असायचे. आज किती आहेत? अकरा! आणि तू म्हणतेस पुरत नाही."

"वीज पुरते साहेब. ट्रान्सफॉर्मर पुरत नाही."

"कळतंय गं मला. एमआयडीसीत रिकामे पडलेत, त्यातला एक मोठा तुला देतो. पण क्रेनवाला यूपीला निघून गेलाय, ट्रकला पास नाही. आठ दिवस धर."

"तोवर?"

"तोवर सात ते नऊ एक लाइन बंद ठेव. आळीपाळीने."

त्या डीपीवरून दोनच लाइनी निघत. एक खाली गावठाणात आणि पंपाकडे, दुसरी वर शाळेकडे आणि वरच्या वाडीकडे. वरच्या वाडीत बहुतेक मुंबईकरांचीच घरं.

खोलीवर आले तर आईचा फोन. "आमच्याकडं लाईट जातच नाही की गं आता," ती म्हणाली. "कधी नव्हं ते चोवीस तास. पोरगी लाइटीत हाय म्हणून देतेत का काय?" भाऊ चाकणहून घरी येऊन बसला होता. त्याची कंपनी बंद. मी म्हटलं, "त्याच्याच कंपनीची लाईट तुला मिळतीय आई." तिला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा मीटर बघायला गेले. फाटकाला बांबू आडवे बांधलेले. आत व्हरांड्यात माणसं वळकट्या टाकून बसलेली. मी बाहेरूनच खांबावरची जोडणी बघत होते, तेवढ्यात आतून एक माणूस फाटकाजवळ आला. पंचेचाळिशीचा असेल. अंगात निळा, खिशावर कंपनीचं नाव विणलेला शर्ट.

"बाई, तुमचा आर फेज जास्त भरलाय का?" त्याने विचारलं.

मी वळून बघितलं. डीपीवरून निघणाऱ्या तीन तारा म्हणजे आर, वाय आणि बी हे तीन फेज, पण या गावात तो शब्द माझ्याशी कुणी कधी बोललं नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत?"

"संध्याकाळी आमचे दिवे मंद होतात आणि समोरच्या वाडीतले लख्ख असतात. म्हणजे दोन्ही एका फेजवर नाहीत." तो हसला. "मी सदानंद रेवाळे. मुंबईला एका टॉवरमध्ये इलेक्ट्रिशियन. एकतीस मजले. ही माझी मिसेस, सुप्रिया."

मागे पायरीवर बसलेल्या बाईने मान हलवली. ती तांदूळ निवडत होती.

"एकतीस मजल्यांचा लोड किती?" मी विचारलं.

"अडीच मेगावॉट. दर तासाला मी लिहायचो. शेवटच्या दिवशी नव्वद किलोवॉटवर आला. नुसती लॉबी आणि दोन मजल्यांवरचे कॉम्प्युटर. एवढ्या मोठ्या पॅनेलरूममध्ये आवाजच नाही हो. तसा मी कधी ऐकला नव्हता तो पॅनेल." मग तो परत फाटकाला टेकला. "तुम्ही असं करा. घरं मोजा, कुठलं घर कुठल्या फेजवर आहे ते. आर फेजवरची दहा-बारा घरं बी वर घ्या. थोडे दिवस निभेल."

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण पाच गावं, एकटी मी, आणि रोज कुठे ना कुठे काहीतरी. त्याने शाळेच्या वहीच्या पानावर वरच्या वाडीची घरं काढून दिली, कुणाच्या घरात फ्रिज, कुणाच्यात मोटर. त्याचं स्वतःचं वरच्या वाडीतलं घर अकरा वर्षं कुलपात होतं; ही माहिती त्याने व्हरांड्यात बसलेल्यांना विचारून विचारून गोळा केली. तो कागद त्याने फाटकाच्या खांबावर दगडाखाली ठेवला आणि स्वतः सहा पावलं मागे सरला. मी उचलला.

दोन दिवस मी खांबाखांबांवर चढून वायरी बदलल्या. आर फेजचा आकडा एकशे चारवरून ब्याण्णववर आला. तीन संध्याकाळी फ्यूज गेला नाही. मी फाटकाशी जाऊन सांगितलं, तर रेवाळ्यांनी व्हरांड्यातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आपल्या बाईंनी जमवलं बघा!"

चौथ्या दिवशी मुंबईहून आणखी दोन टेम्पो आले. शाळेत माणसं झाली सत्तावन्न. त्या संध्याकाळी सात वाजायच्या आतच फ्यूज गेला, आणि ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर हात ठेववेना इतका तापलेला. आता आळीपाळी केल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी आधी फाटकाशी गेले. "आज गावठाणाची बंद ठेवते, सात ते नऊ. उद्या तुमची. परवा परत त्यांची."

"बरोबर आहे," रेवाळे म्हणाले. "न्यायाचं आहे."

पहिल्या संध्याकाळी गावठाणाची लाइन काढली. दहा मिनिटांत वीस-पंचवीस माणसं डीपीशी आली. टीव्हीवर जुनी पौराणिक मालिका परत लागली होती, ती बुडाली. एकाच्या घरी बाळंतीण होती. एकाची आई दम्याची होती. "आम्ही इथं बारा महिने राहतो आणि अंधारात आम्ही बसायचं? आणि ते मुंबईवरनं रोग घेऊन आलेले पंख्याखाली?" असं एक जण म्हणाला. कुणीतरी माझ्या पायाशी दगड टाकला. मारला नाही, टाकला. मी नऊपर्यंत तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी शाळेकडची काढली. कुणी आलं नाही. शाळेतून आवाजसुद्धा आला नाही.

तिसऱ्या दिवशी पाळी गावठाणाची होती. सहा वाजता पाष्टे एकटेच वर आले.

"बाई, आजपण शाळेचीच काढा."

"पाळी तुमची आहे."

"माहिताय. पण परवासारखी माणसं जमली तर मी आवरणार नाही. पोलीसपाटील आजारी आहे. ती शाळेतली माणसं काय बोलत नाहीत ना?"

"नाही."

"मग झालं तर. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी शाळेकडची काढली. चौथ्या दिवशी गावठाणाची राहिलेली पाळी घ्यायला हवी होती; पाष्टे आलेच नाहीत, तरी मी आपली आपणच शाळेकडची काढली. त्या दोन दिवसांत मी शाळेच्या वाटेने गेले नाही. दुसऱ्या गावाला जायला पायऱ्यांची लांबची पाखाडी धरली.

पाचव्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेकडचा फ्यूज ओढला आणि धोंड्यावर बसले. खाली गावठाणात दिवे होते, टीव्हीचा शंखनाद ऐकू येत होता. आठच्या सुमाराला वर शाळेकडे मोबाइलच्या बॅटऱ्या हलताना दिसल्या. आधी दोन, मग पुष्कळ. उकडत असेल म्हणून बाहेर आली असतील, असं मला वाटलं. मी घड्याळ बघितलं. अजून तास होता.

मग पाष्ट्यांचा फोन आला.

"बाई, शाळेची लावा. लावा लगेच. कुणाला तरी जनावर चावलंय."

मी फ्यूज लावला. आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती. शाळा उजळली. मग मी का कोण जाणे, तारेतला भार मोजायचा टाँगटेस्टर काढला आणि तिन्ही फेजचे आकडे घेतले. आर शहाण्णव, वाय अठ्ठ्याहत्तर, बी पंच्याऐंशी. ते अजून मला पाठ आहेत.

फाटकाशी पोचले तोवर बांबू सोडलेले होते. गावातलं कुणी आत जायला तयार नव्हतं. पाष्टे आपली ओम्नी घेऊन आले, मास्क नाकावर ओढला, चारी काचा खाली केल्या आणि स्वतः आत जाऊन त्या माणसाला उचलून गाडीत घातलं. त्यांच्याबद्दल मी जे काही सांगितलं, त्यात हेही सांगायला हवं. गाडीत घालताना निळा शर्ट दिसला.

शौचालय शाळेच्या मागे होतं, वीस पावलांवर. तिथे बाहेर एक बल्ब होता, लाइन असली की रात्रभर चालू असायचा. एका म्हाताऱ्या बाईंना जायचं होतं, त्यांच्याबरोबर रेवाळे मोबाइलचा उजेड धरून गेले होते. उजेड म्हातारीच्या पायापुढे होता. स्वतःच्या पायाखालची घोणस त्यांना दिसली नाही.

सुप्रियाताई गाडीत बसल्या. खिडकीतून माझ्याकडे बघितलं. गाडी गेली. तालुक्याला, तिथून त्याच रात्री जिल्ह्याला.

मी बारटक्के साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"वहीत काय लिहिलंस?"

"अजून काही नाही."

"अतिभारामुळे फ्यूज गेला, असं लिही. खोटं नाहीये ते. काढला नसतास तर गेलाच असता."

मी लिहिलं. वेळ लिहिली, अतिभार लिहिलं, सही केली. मग भात लावला आणि जेवले. भूक लागली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुसऱ्या गावात खांबावर होते तेव्हा पाष्ट्यांचा फोन आला. सदानंद रेवाळे सकाळी गेले. किडन्या बंद पडल्या. करोनाचा रिपोर्ट अजून यायचा होता; तो दोन दिवसांनी आला, निगेटिव्ह. प्रेत गावात आणलं नाही, तिकडेच उरकलं. मी फोनवर "बरं" म्हटलं, तो खिशात घातला आणि एक बारीकसा स्क्रू आवळायचा राहिला होता तो आवळला.

त्यानंतर दोन दिवसांनी ट्रान्सफॉर्मर आला. चांगला मोठा, एमआयडीसीतला, हिरव्या रंगाचा. बसवायला चार तास लागले. संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, सगळ्यांचे फ्रिज, शाळा, पंप, सगळं एकदम चालू आणि आकडा त्याच्या क्षमतेच्या निम्म्यावर. गावाने नारळ फोडला. पुढच्या आठवड्यात वादळ आलं. उत्तरेकडच्या तालुक्यांत खांब आडवे झाले, तिकडे आमची टोळी गेली. दीड महिना मी खांब उभे केले. तिथे मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही. रडू येईल असं वाटायचं, पण ते आलं नाही. नाणेखोलला परत आल्यावरही कुणी बोललं नाही. साप काय, कोकणात चावतातच, असं लोक म्हणायचे.

जानेवारीत तालुक्याहून नवीन जोडणीचा कागद आला. नाणेखोल, वरची वाडी. अर्जदार सुप्रिया सदानंद रेवाळे.

मी मीटर आणि वायरचं वेटोळं घेऊन गेले. अकरा वर्षं बंद असलेलं घर. त्यांनी ते सारवून, कौलं बदलून राहण्याजोगं केलं होतं. नालासोपाऱ्याची खोली सोडली, आता इथेच राहणार, असं त्यांनीच सांगितलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या होत्या. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी मीटरची फळी ठोकायला लागले. त्या दारात उभ्या राहिल्या.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या दिवशी फ्यूज गेला होता, का काढला होता?"

माझ्या हातात हातोडी होती. वहीत लिहिलेलं वाक्य तोंडात तयार होतं. तोवर आठ महिन्यांत मला ते एकदाही म्हणावं लागलं नव्हतं.

"काढला होता," मी म्हणाले. "मी काढला होता. पाळी तुमची नव्हती. तीन दिवस तुमची पाळी नव्हती."

त्या उंबऱ्यावर बसल्या.

"आमचे हे तेच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "लागोपाठ दुसऱ्या दिवशी आमचीच गेली तेव्हा आमच्यातली पोरंबाळं, बायका सगळी उठली होती, डीपीवर जाऊ म्हणून. सत्तावन्न माणसं होतो आम्ही. गावानं आवाज केला, आपणपण करू. तर हे फाटकात आडवे उभे राहिले. म्हणाले, खाली गावठाणात दिवे आहेत, म्हणजे फ्यूज गेला नाही, बाईंनी काढलाय. बाईंनी काढलाय म्हणजे काहीतरी कारण असणार. तिला एकटीला त्रास देऊ नका."

मी हातोडी खाली ठेवली.

"रोज तेच सांगायचे. रोज अडवायचे." त्यांनी पदराने दाराच्या चौकटीवरची धूळ पुसली. "काय कारण होतं ओ?"

"तुम्ही कुणी आला नाहीत," मी म्हणाले. "गावठाणातले आले होते. तुम्ही कुणी काही बोलला नाहीत, म्हणून तुमची काढली."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. मला तसं हवं होतं. खाली गावठाणात कुणीतरी म्हशीला हाकारत होतं, तेवढाच आवाज.

"बरं," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला. परत आल्या तेव्हा हातात अर्जाचा कागद होता. "ह्याच्यावर सही कुठे करायची?"

मी बोटाने जागा दाखवली. त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

मी मीटर बसवला, वायर ओढली आणि घरासमोरच्या खांबावर चढले. नवीन ट्रान्सफॉर्मरमुळे तिथे आता कुठल्याही फेजवर जागा होती. मी मघाशी सगळं सांगितलं होतं, तरी हलकं वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. हात आपले काम करत होते. तार गुंडाळली, आवळली, टेप मारला. खाली बघितलं. त्या अंगणातून आत गेल्या होत्या आणि दार उघडं होतं.

"ताई, बटण दाबा," मी वरून हाक मारली.

मी खांबाला धरून थांबले.

"आली का?" मी परत विचारलं.

"आली," त्या आतून म्हणाल्या.